विंडोज ११ बसत नाही, म्हणून लॅपटॉप भंगारात? वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये दुसरं काही नाहीच, सगळं विंडोज १० आणि ११. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून दुकानदार, भाचे-पुतणे, ऑफिसातले साहेब सगळेच काही ना काही सांगतायत, त्यातलं निम्मं घाबरवणारं आणि निम्मं अर्धवट. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं थोडी कापलीत, राग नसावा.

प्रश्न : सर, माझा लॅपटॉप २०१५ सालचा आहे, आय५, ८ जीबी रॅम. स्क्रीनवर मेसेज येतो की हा पीसी विंडोज ११ ला चालणार नाही. दुकानात दाखवला तर म्हणाले हा आता वेस्ट आहे, हॅक होईल, नवीन घ्या, चाळीस-पंचेचाळीस हजारात येईल. मी पेन्शनर आहे, बँकेचं स्टेटमेंट बघणं, नातवाशी व्हिडिओ कॉल आणि मराठीत थोडं टायपिंग एवढंच माझं काम. खरंच टाकून द्यावा लागेल का?
— निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : अजिबात नाही ताई, आणि त्या दुकानात परत जाऊ पण नका.

मेसेज खरा आहे बरं का. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, एएमडी असेल तर साधारण रायझन २००० सिरीजपासून पुढे. तुमची जनरेशन कुठली ते लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, अबाउट इथे दिसेल. तिथे आय५-५२००यू असं काही लिहिलं असेल, तर डॅशनंतरचा पहिला आकडा म्हणजे जनरेशन, म्हणजे पाचवी. आय५-८२५०यू असेल तर आठवी. आय७-१०५१०यू सारखा पाच आकडी नंबर असेल तर पहिले दोन आकडे धरायचे, म्हणजे दहावी. २०१५ चा आहे म्हणजे तुमचा पाचव्याच्या आसपासचाच असणार, त्यामुळे ११ सरळ मार्गाने बसणार नाही, हा विषय इथे संपला.

पण ११ बसत नाही म्हणजे १० बंद पडलं असं कुठे आहे? लॅपटॉप चालतोय तसाच चालेल. थांबलंय ते काय, तर दर महिन्याला येणारे सिक्युरिटी अपडेट. आणि तेसुद्धा मिळवायची सोय मायक्रोसॉफ्टनेच ठेवलीय, एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स म्हणतात त्याला, घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. दुकानदार हे सांगत नाहीत कारण त्यात त्यांना काही सुटत नाही.

करायचं काय ते सांगतो. आधी विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, छोटी चौकट येईल, त्यात इंग्रजीत विनव्हर (winver) टाइप करून एंटर. तिथे व्हर्जन २२एच२ दिसलं पाहिजे, ते नसेल तर आधी राहिलेले सगळे अपडेट घेऊन रीस्टार्ट करा. मग सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट. चेक फॉर अपडेट्सच्या बटणाखाली एनरोल नाऊ अशी लिंक दिसेल. ती दाबली की मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करायला सांगेल, आणि सेटिंग्जचा बॅकअप चालू करायला तयार असाल तर एक पैसा लागत नाही. बॅकअप नको असेल तर ३० डॉलर भरायचे किंवा मायक्रोसॉफ्टच्या बक्षीस योजनेतले, म्हणजे रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट द्यायचे, पण तुम्हाला त्याची गरजच नाही. एकच लक्षात ठेवा, बॅकअप करताना वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवणीची जागा, तुमचे फोटो आणि डॉक्युमेंटपण वर पाठवायला बघतं आणि फुकटची जागा ५ जीबीच असते, ती भरली की नवीन मेसेज सुरू, म्हणून फोल्डरचा बॅकअप बंद ठेवा, सेटिंग्जचा तेवढा राहू द्या.

आणि चाळीस हजारांऐवजी थोडक्यात काही करायचंच असेल तर जुनी हार्डडिस्क काढून तिच्या जागी सॅटा एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवून घ्या. त्या लॅपटॉपला म्हातारपण आलंय असं वाटतं ना, ते नव्वद टक्के हार्डडिस्कमुळेच.

प्रश्न : माझा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, आय३-८१००, म्हणजे आठवी जनरेशन आहे, तरी हेल्थ चेक अॅप टीपीएम २.० नाही आणि सिक्युअर बूट नाही असं दाखवतं. एकाने सांगितलं टीपीएमची चिप वेगळी मिळते ती आणून लावा. लग्नपत्रिका, बॅनर, दिवाळी अंकाची पानं असं डीटीपीचं काम आहे, मशीन दोन दिवससुद्धा बंद ठेवता येत नाही. चिप घेऊ का?
— डीटीपी चालक, सोलापूर

उत्तर : चिप बिप काही घेऊ नका. टीपीएम म्हणजे पासवर्ड, किल्ल्या सुरक्षित ठेवणारी सोय, ती तुमच्याकडे आहे, फक्त झोपलेली आहे. इंटेलच्या या प्रोसेसरबरोबर पीटीटी नावाची सोय येते, तेच टीपीएमचं काम करतं, एएमडीमध्ये त्याला एफटीपीएम म्हणतात. असेंबल केलेल्या मदरबोर्डवर ती पुष्कळदा बंदच करून येते. मशीन चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जा, अॅडव्हान्स्ड किंवा सिक्युरिटीच्या खाली पीटीटी शोधा, एनेबल करा, सेव्ह करून बाहेर या. टीपीएमचं दुखणं एवढंच.

सिक्युअर बूटचं, म्हणजे मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सोयीचं, प्रकरण मात्र जरा सावकाश वाचा, कारण इथेच लोक मशीन बंद पाडून घेतात. विंडोज ११ ला सिक्युअर बूट चालूच पाहिजे असं नाही, पण मशीनला ते जमलं पाहिजे आणि त्यासाठी विंडोज यूईएफआय मोडमध्ये, म्हणजे मशीन सुरू करायच्या नव्या पद्धतीने, बसलेलं असावं लागतं. तुमचं बहुतेक जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेलं आहे. विंडोजचं बटण आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत एमएसइन्फो३२ (msinfo32) टाका, बायोस मोड या ओळीसमोर लेगसी लिहिलं असेल तर माझा अंदाज बरोबर. अशा वेळी डिस्कवरचा नकाशा एमबीआर पद्धतीचा असतो आणि यूईएफआयला जीपीटी लागतो. आता कोणीतरी व्हिडिओ बघून बायोसमध्ये जातो, सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय, डिसेबल करतो, आणि मग विंडोज सुरूच होत नाही, कारण डिस्क अजून जुन्याच पद्धतीची आहे. घाबरू नका, सीएसएम परत एनेबल केलं की येतं.

बरोबर क्रम असा की आधी डिस्क बदलायची, मग बायोस. त्यासाठीचं टूल विंडोज १० मध्येच आहे, एमबीआरटूजीपीटी (mbr2gpt) नावाचं, इंग्रजीत सलग लिहायचं आणि मधला टू म्हणजे आकडा २. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आधी व्हॅलिडेटचा (validate) ऑप्शन देऊन नुसती तपासणी करा, तो हो म्हणाला तरच कन्व्हर्टचा (convert) द्या, दोन्ही वेळेला अलाऊफुलओएस (allowFullOS) हा शब्द जोडायचा कारण आपण चालू विंडोजमधून करतोय. प्रत्येक ऑप्शनच्या आधी तिरकी रेघ (/). विंडोजच्या डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन असतील तर तो नाही म्हणेल, तीनपर्यंत चालतं. कन्व्हर्ट झालं की मग बायोसमध्ये सीएसएम डिसेबल, बूट मोड यूईएफआय. फायली जात नाहीत, पण बॅकअप घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, पत्रिकांचे पाच वर्षांचे डिझाइन त्या डिस्कवर असतील.

दोन खाचखळगे. एक, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावायची विंडोजची सोय, चालू असेल तर बायोसमध्ये काहीही बदललं की ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, ती आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून लिहून घ्या किंवा बिटलॉकर सस्पेंड करा. दुसरं, तुम्ही फार जुनं ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळीच राहू शकते, कारण त्या कार्डाला यूईएफआय कळत नाही. तसं झालं तर मशीनचा प्लग काढा, मदरबोर्डवर नाण्यासारखा सीआर२०३२ सेल असतो तो पाच मिनिटं काढून परत बसवा, बायोसची सेटिंग्ज मूळ पदावर येतात. मग कार्ड काढून बोर्डवरच्याच पोर्टला मॉनिटर लावा.

एवढं सगळं सांगून माझं खरं मत सांगू का, दिवाळी अंकाचं काम संपेपर्यंत यातलं काहीच करू नका. तुमचं जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या किल्लीवर, चालत असेल, तर त्या लॉकचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतो का हे कंपनीला फोन करून आधी विचारा. ११ झकास बसलं आणि लॉक ओळखलाच नाही, तर ती प्रगती काय कामाची. बसवल्यावर मागे फिरायचं असेल तर १० दिवसांच्या आत गो बॅकचं बटण मिळतं, त्यानंतर नाही, तेव्हा पहिल्याच दिवशी प्रिंटर, स्कॅनर, लॉक आणि जुनी फाइल उघडून सगळं तपासून घ्या.

प्रश्न : सर आमचं सेवा केंद्र आहे, झेरॉक्स, दाखले, फॉर्म भरणे. पीसी चेकमध्ये सगळं हिरवं आहे, ११ डाउनलोडपण होतं, पण इन्स्टॉल होताना ७०-७५ टक्क्याला जाऊन रीस्टार्ट होतो आणि अनडुइंग चेंजेस असं येऊन परत १० वर येतो. रात्रभर ठेवून बघितलं. एरर ०एक्ससी१९००१०१ अशी येते. नेटचा डेटा पण संपतोय.
— सेवा केंद्र चालक, बार्शी

उत्तर : सी१९००१०१ ने सुरू होणारी एरर आली की नव्याण्णव वेळा ड्रायव्हरचं, म्हणजे जोडलेली उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, भांडण असतं. तुमच्या मशीनला काय काय लटकलंय त्याची कल्पना येतेय मला : फिंगरप्रिंट स्कॅनर, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, लेझर प्रिंटर, वेबकॅम, कार्ड रीडर. अपडेट करताना यातलं काही म्हणजे काहीच जोडलेलं नको, फक्त कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर. नुसतं वायर काढून भागलं नाही तर फिंगरप्रिंट आणि टोकनचे ड्रायव्हर कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल करा, नंतर परत टाकता येतात, त्यांची सेटअप फाइल आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा म्हणजे झालं. विकतचा किंवा फुकटचा दुसरा अँटीव्हायरस असेल तर तोही काढा, नुसता डिसेबल करून उपयोग नाही. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो.

एरर ०एक्स८००७००७० अशी आली असती तर सी ड्राइव्हला जागा नाही असा अर्थ. तुमची ती नाहीये, तरी २५-३० जीबी मोकळी असू द्या, डिस्क क्लीनअपमध्ये क्लीन अप सिस्टिम फाइल्स दाबलं की जुन्या अपडेटचा भरपूर कचरा निघतो. आणि सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही असा मेसेज येत असेल तर ते वेगळंच दुखणं, जुन्या मशीनवर ते पार्टिशन १०० एमबीचं असतं आणि भरून गेलेलं असतं, तुमच्याकडे तसं नाही म्हणून त्यात शिरत नाही.

डेटा वाचवायचा असेल तर दरवेळी अपडेटमधून डाउनलोड करू नका. ज्याच्याकडे फायबर आहे अशा कुणाकडे बसून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या इन्स्टॉलेशनची एकच फाइल, एकदाच पेनड्राइव्हवर घ्या. ती आपल्या मशीनवर कॉपी करून डबल क्लिक करायची, आतला सेटअप चालवायचा, आणि तो सुरुवातीलाच विचारतो की अपडेट आत्ता डाउनलोड करू का, तर नॉट राइट नाऊ म्हणायचं. याने काम निम्म्याने सोपं होतं, परत फसलं तरी डेटा जात नाही.

लाइटचंही बघा. ज्या वारी तुमच्याकडे मेंटेनन्ससाठी लाइट जाते तो वार सोडून करा, यूपीएसची बॅटरी दहा मिनिटंच टिकत असेल तर तिच्या भरवशावर राहू नका. अपडेट चालू असताना लाइट गेली तर विंडोज बहुतेक वेळा स्वतःला सावरतं, पण बहुतेक वेळा म्हणजे कायम नव्हे. आणि हो, हे सगळं करायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं टूल चालवून हार्डडिस्कची तब्येत बघा, पिवळ्यात कॉशन लिहिलेलं दिसलं तर अपडेट सोडा आणि आधी डेटा काढून घ्या.

प्रश्न : मागच्या महिन्यात तुम्ही लिहिलं होतं की न चालणाऱ्या मशीनवर जबरदस्तीने ११ टाकू नका. माझ्या भाच्याने रूफस वापरून सहाव्या जनरेशनच्या लॅपटॉपवर टाकून दिलं, एकदम मस्त चालतंय, उगाच घाबरवता का लोकांना?
— वाचक, नांदेड

उत्तर : चालतंच की, चालत नाही असं मी म्हटलं नव्हतं. रूफस हे विंडोज बसवायचा पेनड्राइव्ह बनवणारं टूल, ते विंडोज ११ ची प्रोसेसर-टीपीएमची तपासणी काढून टाकतं आणि सहाव्या जनरेशनमध्ये ११ चालवायची ताकद असतेच. प्रश्न पुढचा आहे. मायक्रोसॉफ्टने स्वच्छ लिहून ठेवलंय की अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही. दर महिन्याचे अपडेट सध्या येतात, पण वर्षाला जे मोठं व्हर्जन येतं, २४एच२, २५एच२ वगैरे, ते अशा मशीनला आपसूक येत नाही, भाच्याला परत पेनड्राइव्ह घेऊन बसावं लागतं. आणि २४एच२ पासून त्यांनी एसएसई ४.२ ची, म्हणजे प्रोसेसरला ठराविक सूचना समजायला हव्यात याची, अट अशी घट्ट केली की कोअर टू ड्युओवाली मशीन सुरूसुद्धा होत नाहीत, तिथे कुठलीच युक्ती चालत नाही. त्यांनाही आदल्या व्हर्जनपर्यंत मस्तच चालत होतं.

घरात सिनेमे बघायला, शिकायला, प्रयोग करायला खुशाल करा, मीपण करतो. दवाखान्याचं बिलिंग, सीएचं ऑफिस, दुकानाचा टॅली असल्या मशीनवर नको, एवढंच म्हणणं होतं आणि अजूनही तेच आहे.

प्रश्न : मी पतसंस्थेत क्लार्क आहे. आमचं १९९० च्या दशकातलं डॉसमधलं फॉक्सप्रोचं सॉफ्टवेअर आहे, कीर्द, खतावणी, सभासदांचं भागभांडवल सगळं त्यातच, डॉट मॅट्रिक्सवर पासबुक छापतो. मशीनवर विंडोज १० ३२ बिट आहे. चेअरमन म्हणतात सपोर्ट संपला, ११ करून टाका. ज्याने सॉफ्टवेअर लिहिलं तो माणूस आता नाही. काय करू?
— पतसंस्था कर्मचारी, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : चेअरमन साहेबांना नम्रपणे सांगा की अपडेट करून हे होणार नाही, आणि कारण पण सांगा. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम, आणि त्यातला फॉक्सप्रो हा नोंदी ठेवायचा प्रोग्रॅम १६ बिटच्या काळातला. ३२ बिट विंडोजमध्ये असले प्रोग्रॅम चालवायची एक जुनी सोय होती, ६४ बिट विंडोजमध्ये ती ठेवलीच नाही. आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. म्हणजे प्रोसेसर नवाकोरा आणला तरी त्यावर तुमचं सॉफ्टवेअर सरळ उघडणार नाही. शिवाय ३२ बिटवरून ६४ बिटला अपग्रेड होतच नाही, डिस्क पुसून नव्याने बसवावं लागतं, आणि कुणी घाईत ते केलं आणि फोल्डरचा बॅकअप नसेल तर सभासदांना काय तोंड दाखवणार.

आज करायचं ते हे : सॉफ्टवेअरचं अख्खं फोल्डर जसंच्या तसं दोन पेनड्राइव्हवर कॉपी करा, एक संस्थेच्या तिजोरीत, एक बाहेर. मशीनचं नेट काढून टाका, केबल काढा, वायफाय बंद. ज्या मशीनला नेटच नाही त्याला सपोर्ट संपल्याची धास्ती फार कमी, पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसची मात्र आहे, म्हणून बाहेरचा पेनड्राइव्ह लावू देऊ नका. मेल, बँकिंग, जीएसटी याला दुसरं मशीन.

मग दुसरा टप्पा. नवीन मशीनवर डॉसबॉक्स किंवा व्हीडॉस, म्हणजे विंडोजच्या आत डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून त्यात हे फोल्डर चालवून बघता येतं, फॉक्सप्रो बऱ्याचदा चालतो. अडतं ते प्रिंटिंगला. जुना प्रिंटर एलपीटी म्हणजे पॅरलल पोर्टवर आणि नवीन मशीनला ते पोर्टच नाही. यूएसबीवरून पॅरलल करणारी साधी केबल मिळते पण डॉसच्या प्रोग्रॅमला ती दिसत नाही, त्याला खरं एलपीटी१ हवं असतं. व्हीडॉस प्रिंटचा माल पकडून विंडोजच्या प्रिंटरकडे पाठवतो म्हणून तुमच्यासाठी तो जास्त बरा. पासबुकाची ओळ बरोबर चौकटीत बसतेय का हे रद्द झालेल्या पासबुकावर आधी छापून बघा.

पण खरं काम डेटा बाहेर काढायचं आहे. फॉक्सप्रोच्या फायली डीबीएफ असतात, त्या लिब्रे ऑफिस कॅल्कमध्ये उघडतात. कॉपी घेऊन उघडा, मूळ फाइल कधीच नाही. आकडे आणि तारखा नीट दिसतील. नावं जर इंग्रजीत भरलेली असतील तर नशीब तुमचं. मराठीत असतील तर ती त्या काळच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डवर, म्हणजे भारतीय भाषांसाठी संगणकात लावायच्या कार्डवर, भरलेली असायची शक्यता आहे, तिथे अक्षरांचा कोड इस्की असतो, युनिकोड नव्हे, म्हणून कॅल्कमध्ये विचित्र चिन्हं दिसतील. डेटा खराब झालाय असं समजून घाबरू नका आणि हाताने परत टाइप करायला बसू नका, इस्कीवरून युनिकोड करणारे कन्व्हर्टर आहेत, ज्या कंपनीकडून नवीन सॉफ्टवेअर घ्याल तिच्या कोटेशनमध्ये हे काम लिहूनच घ्या. मार्चअखेरीला हे सुरू करू नका, लेखापरीक्षण झाल्यावर करा, आणि निदान तीन महिने जुनं-नवं दोन्हीकडे नोंदी करून रोज शिल्लक जुळवा.

प्रश्न : आय३ तिसरी जनरेशन, ४ जीबी रॅम, कॉलेजसाठी वापरतो. लिनक्स टाकू का? मराठी टायपिंग होतं का?
— विद्यार्थी, परभणी

उत्तर : टाक. लिनक्स मिंटचं एक्सएफसीई घे, हलकं आहे. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघ, डिस्कला हात न लावता, वायफाय आणि आवाज चालतोय का ते कळेल. मराठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात. कॉलेजची परीक्षा एखाद्या विंडोजवाल्याच सॉफ्टवेअरमधून होत असेल तर मात्र विंडोज ठेव आणि बाजूला मिंट, आणि घरी कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर असेल तर लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर बसवताना डोकं धरून बसशील हे आत्ताच सांगून ठेवतो.

प्रश्न : मुलीने अमेरिकेहून तिचा जुना मॅकबुक एअर, २०१५ चा, मला दिलाय. अपडेटमध्ये नवीन मॅकओएस दिसतच नाही. बिघडलाय का?
— गृहिणी, डोंबिवली

उत्तर : बिघडला नाहीये, त्या मॉडेलला अॅपलने मॅकओएस मॉन्टेरेपर्यंतच नेलं, म्हणून पुढचं दिसत नाही. ओपनकोअर लेगसी पॅचर वापरून लोक पुढचं टाकतात पण ते मुलगी सुट्टीला आली की तिच्याकडूनच करून घ्या, फोनवरून करायचा प्रकार नाही. तोपर्यंत सफारीऐवजी फायरफॉक्स वापरा, तो जुन्या मॅकओएसला जास्त काळ अपडेट देतो, आणि बँकेचं काम फोनवरच करा. यापुढे कुणी सेकंडहँड मॅक घेणार असाल तर इंटेलचा घेऊ नका, कारण मॅकओएस २६ टाहो हे इंटेलवर चालणारं शेवटचं व्हर्जन असल्याचं अॅपलने २०२५ मध्येच सांगून टाकलंय, एम१ किंवा पुढचाच बघा.